प्रकल्प चालू, तरी नदी काळी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शहरांचे मैलापाणी आणि नद्यांची अवस्था या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकात घेतली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे न देता फक्त गाव दिले आहे.

प्रश्न : पुण्यात मैलापाणी शुद्धीकरणाचे नऊ-दहा प्रकल्प आहेत असे आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. तरीही मार्च उजाडला की संगमापासून बंडगार्डनपर्यंत मुळा-मुठेचे पाणी काळे पडते, वास सुटतो आणि जलपर्णी पसरते. हे प्रकल्प चालतच नाहीत, की त्यांचे आकडे खोटे आहेत? (येरवडा, पुणे)

आकडे खोटेच असले पाहिजेत असे नाही. सगळे आकडे खरे असूनही नदी काळी राहू शकते, आणि ते कसे हे एकदा हिशेब मांडून पाहण्यासारखे आहे.

क्षमतेचा मुद्दा आधी संपवू. भैरोबा नाला, नायडू, मुंढवा, एरंडवणे, खराडी, विठ्ठलवाडी, बाणेर, बोपोडी आणि तानाजीवाडी या जुन्या प्रकल्पांची कागदावरची एकत्रित क्षमता ४७७ एमएलडी, म्हणजे दिवसाला ४७ कोटी ७० लाख लिटर होती. शहर त्यापुढे केव्हाच गेले. म्हणून जानेवारी २०१६ मध्ये जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून सुमारे ९९० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली आणि तीत ३९६ एमएलडी क्षमतेचे ११ नवे प्रकल्प धरण्यात आले. पण कामाचा आदेश निघायला २०२२ साल उजाडले. मधल्या काळात शहराची हद्द वाढली, गावे समाविष्ट झाली, इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या सर्वांचे मैलापाणी कोणत्या ना कोणत्या नाल्याला लागले.

आता हिशेब. पाण्यातील घाण कुजवताना जीवाणूंना जितका प्राणवायू लागतो त्याचे माप म्हणजे बीओडी. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश सेल्सिअस तापमानाला ३ दिवस ठेवून करतात. कच्च्या घरगुती मैलापाण्याचा बीओडी लिटरला साधारण २०० मिलिग्रॅम असतो, असे धरा. चांगल्या चालवलेल्या प्रकल्पातून तो १० पर्यंत खाली येतो. समजा, शहरातील १०० लिटर मैलापाण्यापैकी ८० लिटर प्रकल्पात गेले आणि अगदी उत्तम शुद्ध झाले, पण उरलेले २० लिटर नाल्यातून तसेच नदीत आले. या दोहोंच्या मिश्रणाचा बीओडी येतो ४८. प्रकल्पात आणखी पैसा ओतून तेथील १० चा आकडा ५ वर आणला, तरी मिश्रणाचा आकडा ४४ च राहतो. याउलट प्रकल्प आहेत तसेच ठेवून नाल्यातले पाणी २० लिटरवरून ५ वर आणले, तर मिश्रण एकदम २० च्या खाली येते. नदीचा रंग ठरवते ते नाल्यातून सुटलेले पाणी, आणि महापालिकांच्या अहवालांत नेमका तोच आकडा सर्वांत धूसर असतो. ‘अमुक एमएलडी शुद्ध केले’ हे मोजणे सोपे असते, कारण प्रकल्पाच्या तोंडाशी मीटर असतो. नाल्याला मीटर नसतो.

नाल्यातले पाणी सुटते कसे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. नाला नदीला मिळण्याच्या थोडे आधी त्यात आडवी, गुडघाभर उंचीची भिंत घालतात. भिंतीमागे तुंबलेले पाणी जाळीतून एका चेंबरमध्ये उतरते, तेथून मलवाहिनीने पंपिंग स्टेशनला आणि पुढे प्रकल्पाला जाते. कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. प्रत्यक्षात त्या जाळीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, गुटख्याची पाकिटे, चिंध्या आणि थर्माकोल येऊन बसतात, आणि जाळी रोज साफ झाली नाही तर पाणी निवांतपणे भिंतीवरून ओसंडून नदीत जाते. पंपिंग स्टेशनची वीज गेली आणि जनित्रात डिझेल नसले तरी हेच होते. पावसाळ्यात तर पहिल्या सरीलाच अनेक सोसायट्यांचा वॉचमन पार्किंगमधले पाणी घालवण्यासाठी ड्रेनेजचे झाकण उघडतो. मग मलवाहिनीत पावसाचे पाणी भरते, चेंबर रस्त्यावर उसळतात आणि प्रकल्पाला क्षमतेपेक्षा जास्त आलेले पाणी बायपासने बाहेर सोडावे लागते. कोट्यवधींच्या प्रकल्पाचे भवितव्य रोज सकाळी दाताळे घेऊन जाळी ओढणाऱ्या दोन माणसांवर अवलंबून असते, आणि ती माणसे बहुधा कंत्राटी असतात. माझ्या मते या कामाची नोंदवही ही प्रकल्पाच्या प्रयोगशाळेच्या नोंदवहीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

दुसरे कारण प्रकल्पाच्या हाती नाही. शुद्ध केलेले पाणी नदीत सोडताना त्यात मिसळायला नदीत स्वतःचे पाणी असेल, हे गृहीत जुने आहे. इंग्लंडच्या मैलापाणीविषयक शाही आयोगाने १९१२ साली २० मिलिग्रॅम बीओडीची मर्यादा सुचवली, तेव्हा नदीचे स्वच्छ पाणी सोडलेल्या पाण्याच्या निदान आठपट असेल अशी अट तिच्यामागे होती. आपल्या पर्यावरण नियमांत नदी-नाल्यांत सोडण्याच्या पाण्यासाठी बराच काळ ३० ची सर्वसाधारण मर्यादा होती. २०१७ च्या अधिसूचनेने ती महानगरांसाठी २० केली आणि २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने ती १० असावी असा आदेश दिला. मर्यादा आली, पण आठपट पाण्याची अट कुठे गेली? खडकवासल्याच्या वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे आहेत आणि पावसाळा सरला की त्यांचे पाणी जलवाहिन्या व कालव्यांतून शहराला आणि शेतीला जाते. मुठेच्या पात्रात ते फारसे येत नाही. मुळेच्या वरच्या अंगाला मुळशी धरण आहे, त्याचे पाणी तर वीजनिर्मितीसाठी घाटाखाली कोकणात उतरते. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये संगमाखाली जे वाहते ते बहुतांशी आपणच सोडलेले पाणी असते. नदीत अंघोळीच्या दर्जाचा, म्हणजे ३ मिलिग्रॅम बीओडी राखायचा असेल, तर १० बीओडीच्या शुद्ध पाण्यात १ बीओडीचे नदीचे पाणी साडेतीनपट मिसळावे लागेल, २० बीओडीच्या पाण्यात साडेआठपट आणि ३० असेल तर साडेतेरापट. तेवढे पाणी धरणातून सोडा, असे उन्हाळ्यात कोणी म्हणणार नाही, म्हणणाऱ्याला आपण वेड्यात काढू. पण मग नुसती मर्यादा पाळली म्हणून नदी स्वच्छ होईल, असे आश्वासनही कोणी देऊ नये.

तिसरी गोष्ट अमोनियाची. मैलापाण्यातील नत्र अमोनियाच्या रूपात असते आणि त्याच्या एका ग्रॅमचे नायट्रेट होताना साडेचार ग्रॅमहून अधिक प्राणवायू खर्च होतो. ज्या प्रकल्पात हवा देण्याचा काळ अपुरा आहे तेथे बीओडी उतरतो, पण अमोनिया तसाच बाहेर पडतो आणि नदीत गेल्यावर तेथील प्राणवायू खातो. तीन दिवसांच्या चाचणीत हा खर्च बराचसा दिसतच नाही. उन्हाळ्यात ३० अंशांच्या पाण्यात मुळात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो. तो संपला की तळातल्या गाळात सल्फाइड तयार होते, त्याचा लोहाशी संयोग होऊन पाणी काळे पडते आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. शिल्लक नत्र-स्फुरदावर जलपर्णी पोसते. आपण दरवर्षी ती काढण्याच्या निविदा काढतो. तिला खाऊ घालणे मात्र चालूच असते.

प्रश्न : इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो, वारीच्या दिवसांत त्याची छायाचित्रे छापून येतात. हा फेस रसायन कारखान्यांचाच असतो का? त्यात पाय बुडवणे धोक्याचे आहे का? (आळंदी)

फेस धरायला मुख्यतः साबण-डिटर्जंटमधील पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये लागतात, आणि ती घराघरातल्या मोरीतून व धुण्याच्या यंत्रातून येतात. कारखान्यांच्या पाण्यातूनही ती येऊ शकतात. फेस पाहून कोणाचा वाटा किती हे सांगता येत नाही, त्यासाठी नाल्यानाल्याचे नमुने तपासावे लागतात. बंधाऱ्यावरून पाणी कोसळते तेथे हवा मिसळते आणि फेस उभा राहतो, म्हणून तो बंधाऱ्याखाली दिसतो आणि वरच्या संथ पात्रात दिसत नाही. वरचे पाणी स्वच्छ आहे असा याचा अर्थ घेऊ नये. शुद्धीकरण नीट झाले तर ही द्रव्ये जीवाणू बरीचशी खातात. तेव्हा भरपूर फेस हा कच्चे किंवा अर्धकच्चे मैलापाणी येत असल्याचा ठळक पुरावा मानायला हरकत नाही. धोका फेसापेक्षा त्याखालच्या पाण्यातल्या जंतूंचा अधिक. पायाला जखम असेल तर उतरू नये, आणि ते पाणी तीर्थ म्हणून तोंडात घेऊ नये, हे वारकरी मंडळींना स्पष्ट सांगावे लागेल.

प्रश्न : सिंहस्थ जवळ आला आहे. गोदावरीचे पाणी ‘स्नानयोग्य’ करणार असे सांगतात. स्नानयोग्य म्हणजे नक्की काय? (पंचवटी, नाशिक)

केंद्र सरकारने २००० साली याचे निकष ठरवले. बीओडी ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, विरघळलेला प्राणवायू निदान ५ मिलिग्रॅम असावा, सामू साडेसहा ते साडेआठ असावा, आणि विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्म जीवाणूंची संख्या १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत असणे इष्ट, २५०० ही कमाल मर्यादा. यांतला शेवटचा निकष सर्वांत अवघड आहे. कच्च्या मैलापाण्यात ही संख्या १०० मिलिलिटरला एक कोटीच्या घरात असू शकते. ‘९९ टक्के जंतू मारले’ असे कोणी अभिमानाने सांगितले तरी कोटीतले एक लाख शिल्लक राहतात, म्हणजे कमाल मर्यादेच्या चाळीसपट. २५०० च्या खाली यायला ९९.९७ टक्क्यांहून अधिक जंतू मरावे लागतात.

क्लोरीनने ते होते, पण पाणी आधी नितळ असावे लागते आणि क्लोरीनला सुमारे अर्धा तास संपर्कात राहू द्यावे लागते. गाळकणांच्या आत दडलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही, आणि पाण्यात अमोनिया असेल तर त्याचा बराच भाग अमोनियाशी संयोग होण्यात खर्ची पडतो. पर्वणीच्या दिवशी गंगापूर धरणातून पाणी सोडले की रामकुंडातले पाणी पुष्कळ सुधारते, हे खरे. मात्र त्या दिवशीचा नमुना त्या दिवसापुरताच असतो. नाशिककरांनी मागायचा तो आकडा मे महिन्यातल्या एखाद्या साध्या मंगळवारचा, आणि तोही रामकुंडाबरोबरच शहर संपल्यानंतरच्या, तपोवनाच्या खालच्या पात्रातला.

प्रश्न : आमच्या गृहसंकुलाचा स्वतःचा एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प आहे. कंत्राटदार दरमहा अहवाल देतो, त्यात सगळे उत्तम असते. पण बागेला ते पाणी घातले की रहिवासी वासाची तक्रार करतात. मी चिटणीस आहे, अभियंता नाही. मी काय तपासू? (वाकड, पुणे)

अहवाल बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी स्वतः पाहा.

पहिली म्हणजे गाळ. जीवाणू घाण खातात तेव्हा त्यांची संख्या वाढते आणि वाढलेला भाग नियमित बाहेर काढावा लागतो. दिवसाला दीड लाख लिटर मैलापाणी असलेल्या संकुलात फिल्टर प्रेसमधून, म्हणजे गाळ दाबून त्यातले पाणी काढणाऱ्या यंत्रातून, रोज सुमारे ५० किलो ओला गाळ निघायला हवा. तुमच्याकडे गाळाची गोणी गेल्या कित्येक महिन्यांत भरलेली कोणी पाहिली नसेल, तर तो गाळ एकतर शुद्ध पाण्याबरोबर बाहेर जातो आहे किंवा टाकीत गाळ धरलाच जात नाही. गोण्यांची संख्या आणि त्या उचलून नेणाऱ्या टेम्पोची तारीख, एवढी नोंद तुम्हाला प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा जास्त सांगेल.

दुसरी, एक लिटरचा मापन सिलिंडर. ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा फुंकणारे यंत्र, चालू असताना हवा देण्याच्या टाकीतले पाणी त्यात काठोकाठ भरा, सावलीत, न हलणाऱ्या जागी ठेवा आणि अर्धा तास थांबा. नीट चालणाऱ्या प्रकल्पात पाच मिनिटांतच तपकिरी कापसासारखे पुंजके खाली उतरू लागतात, वरचे पाणी निवळते, आणि अर्ध्या तासाने गाळाची रेघ साधारण २५० ते ३५० मिलिलिटरच्या दरम्यान येऊन थांबते. रेघ ५० वरच असेल तर टाकीत कामकरी जीवाणू नाहीत. आठशेवर अडकून राहिली तर गाळ फार साठला आहे किंवा तंतुमय जीवाणूंनी तो फुगला आहे. गाळ काळा असेल आणि त्याला कुबट वास येत असेल तर हवा कमी पडते आहे. कंत्राटदारासमोर दर शनिवारी ही चाचणी केली आणि सिलिंडरचे छायाचित्र समितीच्या गटावर टाकले, की महिन्याभरात त्याच्या कामात फरक दिसतो.

तिसरी, वीज. अशा प्रकल्पाची निम्मी किंवा त्याहून जास्त वीज ब्लोअर खातो, आणि बिल कमी करायचे म्हटले की पहिला हात त्याच्याच बटनावर जातो. रात्री अकरा ते सकाळी सहा ब्लोअर बंद राहिला तर टाकीतले जीवाणू गुदमरतात आणि सकाळच्या लोंढ्याला तोंड द्यायला तेथे कोणी उरत नाही. एसटीपीला वेगळा वीज मीटर बसवा आणि त्याचे वाचन रोज रात्री व पहाटे घ्या. खर्च वाचवायचाच असेल तर टाकीच्या तळाचे फुटके, तुंबलेले डिफ्यूझर, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या नळ्या-चकत्या, बदला. फाटक्या डिफ्यूझरमधून मोठमोठे बुडबुडे निघतात, पाणी खळखळते, पण प्राणवायू फारसा विरघळत नाही. स्वच्छतागृहात ओतले जाणारे ॲसिड आणि स्वयंपाकघरातले तेल या दोन गोष्टींची सूचना रहिवाशांनाही द्यावी लागेल, पण सुरुवात ब्लोअरपासून करा.

प्रश्न : मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) उचललेले पुण्याचे पाणी बेबी कालव्याने आमच्याकडे येते. ऊस जोमदार वाढतो, पण साखर उतारा मिळत नाही असे जुनेजाणते सांगतात. विहिरींनाही हे पाणी लागले आहे. ते वापरावे की नाही? (दौंड तालुका)

वापरावे, पण ते खतासकटचे पाणी आहे हे धरून वापरावे. पाटाने पाणी दिलेला ऊस वर्षभरात एकरी सुमारे ८० लाख लिटर पाणी घेतो. या पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम नत्र असेल, आणि शहराच्या पाण्यात तेवढे सहज असते, तर एकरी १६० किलो नत्र नुसत्या पाण्यातून शेतात पडते. ‘सुरू’ हंगामाच्या, म्हणजे हिवाळ्यात लावलेल्या उसासाठी शिफारस आहे हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी १००. त्यावर तुम्ही युरियाच्या गोण्याही टाकत असाल तर ऊस माजणार, लोळणार, आणि तोडणीपर्यंत नत्र मिळत राहिल्याने साखर भरणार नाही. तुमच्याकडचे जुनेजाणते म्हणतात ते बरोबर आहे. कालव्याच्या पाण्यातील नत्र आणि क्षार प्रयोगशाळेतून वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर, तपासून घ्या आणि त्याप्रमाणे युरिया कमी करा. शक्य असेल तर शेवटच्या दोन-तीन महिन्यांत विहिरीच्या, नत्र कमी असलेल्या पाण्यावर ऊस ठेवा. काळ्या, निचरा नसलेल्या जमिनीत क्षार साठतात, म्हणून चर काढल्याशिवाय हे पाणी सतत देऊ नये.

भाजीपाल्याचा प्रश्न वेगळा आहे. कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर, मेथी, मुळा, काकडी, टोमॅटो यांना जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली दिलेली मर्यादा १०० मिलिलिटरला १००० विष्ठाजन्य कोलिफॉर्म आणि लिटरला जंताचे एकाहून जास्त अंडे नको, अशी होती. जंताची अंडी क्लोरीनला दाद देत नाहीत. ती गाळणीत किंवा तळात बसवूनच काढावी लागतात. तेव्हा हे पाणी ऊस, मका, चारा यांना द्या, फळझाडांना ठिबकने बुंध्याशी द्या, पालेभाजीला तुषार सिंचनाने देऊ नका. दारे धरताना पायांत गमबूट घाला, कारण अनवाणी उभे राहणाऱ्याला अंकुशकृमीचा धोका खाणाऱ्यापेक्षा आधी असतो.

विहिरीचे पाणी पिण्यासाठी वापरत असाल तर नायट्रेटची तपासणी तातडीने करा; पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढते. ते मर्यादेच्या वर निघाले तर सहा महिन्यांच्या आतील बाळाचे दूध त्या पाण्यात कालवू नका. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत नमुना तालुक्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. सोबत कालव्यापासून विहिरीचे अंतर आणि नमुना घेतल्याची तारीख लिहून द्या.